ग्रामपंचायतीची मासिक बैठक : तिरला परिसराच्या निमित्ताने

धार शहराच्या पश्चिमेस, थोड्याच अंतरावर, तिरला हे गाव आहे. मराठी वाचकाला हे नाव परिचित असते ते इतिहासामुळे. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात मोगलांशी जो संघर्ष झाला, त्यात दया बहादूर तिरला येथे पडला असे जुन्या इतिहासग्रंथांत लिहिलेले आढळते. ती निर्णायक लढाई २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याजवळ झाली, असे पुढील संशोधनाने ठरविले आहे. त्यानंतर धार आणि देवास येथे पवारांच्या गाद्या स्थिरावल्या. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार एकाच गावात नांदत होते. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून हा सर्व मुलूख मध्यप्रदेशात आला.

आज मात्र तिरल्याची ओळख निराळी आहे. धार जिल्ह्यातील १३ विकासखंडांपैकी ते एकाचे मुख्य ठिकाण असून तेथे जनपद पंचायतीचे कार्यालय आहे. मध्यप्रदेशातील जनपद पंचायत म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील पंचायत समिती, असे समजावयास हरकत नाही. भोवतालच्या गावांत भिल्ल व भिलाला समाजाची वस्ती मोठी आहे. धार तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे ग्रामपंचायतीचा नित्याचा कारभार येथे कसा चालावा याविषयीच्या तरतुदी, नंदुरबार, धुळे, पालघर अथवा गडचिरोली येथील वाचकाला आपल्याच गावच्या वाटाव्यात इतक्या जवळच्या आहेत. पंचायतीच्या दैनंदिन कामाचा अभ्यास शेजारच्या राज्यातील एका विभागाच्या आधारे करावयाचा तो याच कारणाने. आपल्या घरातील व्यवस्था इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यातील फटी दिसेनाशा होतात.

पंचायतीसंबंधी बोलताना आपण बहुधा निवडणुकीविषयी बोलतो. कोण निवडून आले, कोणाचे आरक्षण निघाले, सरपंच थेट की सदस्यांमधून, हेच विषय वृत्तपत्रांत येतात. निवडणूक पाच वर्षांतून एकदा होते. बैठक मात्र दरमहा व्हावयाची असते, आणि गावाला पाणी मिळते की नाही, घराची नोंद नावावर होते की नाही, दिव्याच्या खांबावर दिवा लागतो की नाही, हे तेथे ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात निवडणुकीचा विषय बाजूस ठेवला आहे.

प्रथम कायद्याची चौकट थोडक्यात पाहू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली. तिला अनुसरून मध्यप्रदेशाने पंचायत राज अधिनियम, १९९३ केला. महाराष्ट्रात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आधीपासूनच होता. त्यात आवश्यक ते बदल करण्यात आले. मध्यप्रदेशातील ग्रामपंचायतीत १० ते २० प्रभाग असतात, महाराष्ट्रात ७ ते १७ सदस्य असतात. तेथील सदस्याला पंच म्हणतात आणि सरपंच मतदारांकडून थेट निवडला जातो. आपल्याकडे थेट निवडणुकीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. कार्यालयाचा भार तिकडे पंचायत सचिव आणि ग्राम रोजगार सहायक यांच्यावर असतो. आपल्याकडे तो ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी यांच्यावर असे. २०२४ मध्ये ही दोन्ही पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असे एकच पदनाम ठरविण्यात आले.

आता बैठकीकडे वळू. दोन्ही राज्यांत महिन्यातून किमान एक बैठक झालीच पाहिजे असे बंधन आहे. सरपंचाने ती बोलाविली नाही तर काय, या प्रश्नाला दोन राज्यांनी दिलेली उत्तरे वेगळी आहेत आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. मध्यप्रदेशाच्या कायद्याने जबाबदारी सचिवावर टाकली आहे. एखाद्या महिन्यात सरपंचाने बैठक बोलाविली नाही, तर मागील बैठकीच्या तारखेपासून २५ दिवसांनी सचिवाने स्वतः सूचना काढावयाची असते. महाराष्ट्राने दंडाचा मार्ग पत्करला. पुरेशा कारणाशिवाय नियमाप्रमाणे सभा न बोलाविणारा सरपंच, किंवा त्याच्या अनुपस्थितीत उपसरपंच, त्या पदावर राहण्यास अपात्र ठरतो. पहिल्या उपायाने बैठक होते. दुसऱ्याने, पुष्कळ काळ गेल्यावर, सरपंच जातो. गावाच्या दृष्टीने पहिला उपाय अधिक उपयोगाचा दिसतो. तथापि सचिव हा त्याच सरपंचासमवेत रोज काम करणारा माणूस असतो आणि त्याने आपण होऊन सूचना काढणे हे कागदावर दिसते तितके सोपे नसते.

सूचना ही वरकरणी किरकोळ बाब दिसते. पण बैठकीचे निम्मे यशापयश तेथेच ठरते. महाराष्ट्रात साधारण सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची एक पूर्ण दिवस आधी पोचली पाहिजे. ‘पूर्ण दिवस’ याचा अर्थ नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळून. नोटिशीत विषय लिहिलेले असले पाहिजेत. नुसते ‘सभेस उपस्थित राहावे’ एवढे लिहून सह्या घेतल्या तर सदस्य काय विचार करून येणार?

तिरला परिसरात येथेच एक खरी अडचण उभी राहते. भिल्ल वस्तीतील गाव हे एका ठिकाणी दाटलेले नसते. ते फळियांमध्ये विखुरलेले असते. आपल्या सातपुड्यातील पाड्यांसारखेच हे फळिये. एका टेकडीवर चार घरे, ओढ्यापलीकडे दहा, रस्त्यालगत वीस, आणि पंचायत भवन बहुधा रस्त्यालगतच्या वस्तीत. सूचना फलकावर डकविली की नियमाची पूर्तता होते. ओढ्यापलीकडच्या फळियाला मात्र ती कळलेली नसते. दवंडी, ज्याला तिकडे मुनादी किंवा डोंडी म्हणतात, ती अशा गावांत जुन्या काळची हौस म्हणून चालू नाही. ती न पिटल्यास सभेची वार्ता पोचतच नाही. मध्यप्रदेशाच्या अधिनियमात अनुसूचित क्षेत्रासाठी जे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात एका गावात एकाहून अधिक ग्रामसभा स्थापन करता येतील अशी तरतूद या विखुरलेपणाकडे पाहूनच केलेली आहे. महाराष्ट्रातही पेसा गावांच्या बाबतीत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची वाट मोकळी आहे.

बैठकीला गणपूर्ती झाली की पहिला विषय येतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पुष्कळ ठिकाणी ‘वाचून कायम केले’ हे तीन शब्द लिहून हा विषय संपविला जातो, प्रत्यक्षात कोणी काही वाचीत नाही. वस्तुतः हा विषय पहिला ठेवण्यामागे कारण आहे. मागच्या महिन्यात जे बोलले गेले तेच लिहिले गेले आहे काय, हे तपासण्याची सदस्याला मिळणारी ही एकमेव अधिकृत संधी असते. ती गेली की पुढे तक्रारीला जागा राहत नाही. मध्यप्रदेशात या वहीला कार्यवाही पंजी म्हणतात आणि ठरावाला ‘ठहराव’. मराठी माणसाला हा शब्द ऐकताच ओळखीचा वाटतो.

ठराव कसा लिहावा याविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण दोष सर्वाधिक येथेच आढळतात. समजा, गावच्या विहिरीवरील पंप नादुरुस्त आहे. वहीत पुष्कळदा असे लिहिलेले दिसते : ‘पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा झाली. याबाबत योग्य ती कार्यवाही करावी असे सर्वानुमते ठरले.’ या ठरावावरून कोणालाही काही करता येत नाही. कोणता पंप, काय दुरुस्ती, खर्च किती, तो कोणत्या शीर्षाखाली, कोणी व केव्हापर्यंत करावयाचे, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. उन्हाळा संपतो आणि पुढील लेखापरीक्षणात दुरुस्तीचे प्रमाणक सापडले तर त्याला आधार म्हणून दाखवावयास ठराव नसतो. त्याऐवजी विहिरीचे नाव, बिघाडाचे स्वरूप, मागविलेली दरपत्रके, स्वीकारलेला दर, ग्रामनिधीतील शीर्ष, काम पाहणाऱ्या सदस्याचे नाव आणि मुदत, शेवटी सूचक व अनुमोदक, एवढे लिहिण्यास फार तर आठ ओळी लागतात. विरोध झाला असल्यास विरोध करणाऱ्याचे नाव आणि कारण हेही लिहावे. ‘सर्वानुमते’ हा शब्द सवयीने लिहू नये. ज्याने विरोध केला त्याच्या नावावर संमती टाकणे हे खोटे लेखन होय, आणि खर्च पुढे आक्षेपार्ह ठरला तर त्याची झळ त्याही सदस्याला बसू शकते.

दुसरा ठळक दोष म्हणजे ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. नोटिशीच्या अखेरीस ही ओळ असतेच. पूर येतो, साथ पसरते, वरिष्ठ कार्यालयाचे तातडीचे पत्र येते, अशा प्रसंगांसाठी ती आवश्यकही आहे. परंतु जागेचा भाडेपट्टा, मोठ्या रकमेची खरेदी, एखाद्या नेमणुकीचा प्रश्न असे विषय या ओळीखाली येऊ लागले की सदस्यांनी सावध व्हावे. आधी कळविले असते तर ज्या विषयाला विरोध झाला असता तो विषय ऐनवेळी आणण्याकडे कल असतो. इतिवृत्तात शेवटच्या ठरावाखाली मोकळी जागा सोडण्याचा प्रघातही याच जातीचा आहे. सभा संपताच शेवटच्या ओळीखाली रेघ मारून अध्यक्ष व सचिव यांनी सही करावी. हा उपाय फुकटचा आहे.

जमाखर्चाचा विषय हा सर्वांत कंटाळवाणा मानला जातो. महाराष्ट्रात २०११ च्या लेखासंहितेप्रमाणे नमुना १ ते ३३ अशा नोंदवह्या ठेवाव्या लागतात. त्यांतील नमुना ५ ही सामान्य रोकडवही, नमुना ८ ही कर आकारणीची आणि नमुना ९ ही कर मागणीची नोंदवही; झाडांची नोंद नमुना ३३ मध्ये होते. सामान्य सदस्याने या तेहतीसही वह्या पाहाव्यात अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण दोन गोष्टी त्याने दरमहा विचाराव्यात. रोकडवहीतील शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातील शिल्लक जुळते काय, आणि जुळत नसल्यास फरक कशाचा? आणि कराची वसुली किती झाली?

वसुलीचा आकडा सांगण्याच्या अनेक तऱ्हा असतात. समजावून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मागील बाकी ४०,००० रुपये, चालू वर्षाची मागणी ६०,००० रुपये, म्हणजे एकूण मागणी १,००,००० रुपये. वर्षभरात ५५,००० रुपये वसूल झाले. चालू मागणीशी ही रक्कम ताडून पाहिली तर वसुली सुमारे ९२ टक्के दिसते आणि सभा समाधानाने पुढील विषयाकडे वळते. एकूण मागणीशी ताडली तर ती ५५ टक्केच ठरते. आणखी खोलात गेले, आणि ५५,००० पैकी २५,००० ही जुनी बाकी होती असे आढळले, तर चालू मागणीपैकी केवळ ३०,००० म्हणजे निम्मी रक्कम हाती आली. उरलेले ३०,००० पुढील वर्षी ‘मागील बाकी’ या नावाने पुन्हा उभे राहणार आणि जुन्या बाकीतील १५,००० त्यांत मिळून ती रक्कम ४५,००० होणार. याचा अर्थ ९२ टक्क्यांच्या वर्षात थकबाकी ५,००० रुपयांनी वाढली. पाणीपुरवठ्याचे वीजबिल थकण्याची सुरुवात अशा वर्षांतूनच होते. सदस्यांच्या स्वतःच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा कडक आहे. रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो.

अनुदानाच्या पैशाबाबत परिस्थिती निराळी असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती, निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी. गावच्या गरजेप्रमाणे वापरण्यास ४० टक्केच उरत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा व खर्च नोंदविला जातो, त्यामुळे तिरल्याच्या पंचायतीचा जमाखर्च तिरल्याबाहेरच्या माणसालाही पाहता येतो. सुविधा मोठी आहे. पण ज्या फळियात संपर्क मिळत नाही, तेथील माणसाला आपल्याच पंचायतीचा हिशेब सभेत मोठ्याने वाचून दाखविण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

ग्रामसभेचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण अनुसूचित क्षेत्रात पंचायतीचे पुष्कळ अधिकार ग्रामसभेकडून उगम पावतात. मध्यप्रदेशाने २६ जानेवारी २००१ पासून ‘ग्राम स्वराज’ या नावाने एक धाडसी प्रयोग केला होता. ग्रामसभेच्या आठ समित्या आणि तिचा स्वतःचा ग्रामकोष अशी ती रचना होती. त्या कोषाचे चार भाग कल्पिले होते : अन्नकोष, श्रमकोष, वस्तुकोष आणि नगदकोष. ज्याच्याजवळ रोकड नाही त्याने धान्य किंवा श्रम द्यावेत, आणि तेही पंचायतीच्या हिशेबात यावे, ही कल्पना मोलाची होती. प्रत्यक्षात इतक्या समित्या चालविण्याएवढी माणसे व वेळ गावांजवळ नव्हता, आणि पुढे समित्यांची संख्या कमी करण्यात आली. आपल्याकडे औंध संस्थानात १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी गावपंचायतींच्या पायावर राज्यकारभार उभा केला होता. पंचायतीकडे खरे काम आणि खरा पैसा सोपवावा, हा विचार दोहोंत समान दिसतो.

त्यानंतरचा मोठा टप्पा पेसा नियमांचा. संसदेचा पेसा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राने आपले नियम २०१४ मध्ये केले. मध्यप्रदेशाचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले. या नियमांतील एक तरतूद नित्याच्या कारभाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. पटवाऱ्याने, म्हणजे आपल्या तलाठ्याने, आणि वनविभागाच्या बीटरक्षकाने दरवर्षी गावाचे नकाशे, खसरा व संबंधित उतारे ग्रामसभेपुढे आणून ठेवावयाचे आहेत. नोंदीत चूक आढळली तर दुरुस्तीची शिफारस ग्रामसभा करू शकते. जमिनीच्या नोंदीसाठी तालुक्याच्या गावी खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याला, विशेषतः वाचता न येणाऱ्या विधवेला, यात काय मिळते हे सांगणे नको. गावात दारूचे नवे दुकान उघडण्यास ग्रामसभेची संमती, तंटे मिटविण्यासाठी शांतता व विवाद निवारण समिती, कामासाठी बाहेर नेल्या जाणाऱ्या मजुरांची माहिती ग्रामसभेला देणे, अशा इतर तरतुदीही त्यात आहेत. या ग्रामसभेचे अध्यक्षपद सरपंचाकडे नसते. सभेतील अनुसूचित जमातीच्या, सरपंच, उपसरपंच वा पंच नसलेल्या व्यक्तीकडे ते दिले जाते.

येथे तारखांचा एक प्रश्न उपस्थित होतो. मध्यप्रदेशात नियमित ग्रामसभा २६ जानेवारी, १४ एप्रिल, ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर अशा सुमारास होतात. धार-झाबुआ पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे खरिपानंतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीच्या सुमारास, भगोरियाच्या हाटासाठी, परततात. जानेवारीची सभा भरते तेव्हा ज्यांच्या रोजगाराचा, घरकुलाचा व नळाचा प्रश्न तेथे चर्चिला जावयाचा, तेच गावात नसतात. गणपूर्ती होत नाही म्हणून गावकऱ्यांच्या उदासीनतेकडे बोट दाखविले जाते. कायद्याने किमान सभांची संख्या ठरविली आहे, कमाल नव्हे. भगोरियाच्या आठवड्यात एक विशेष ग्रामसभा घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागातील पंचायतींनीही स्थलांतराचा हंगाम पाहून तारखा नेमल्या तर उपस्थितीचा प्रश्न बराच सुटेल. महाराष्ट्रात गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते; हंगाम साधला तर ती गाठणे अवघड नाही.

महिला सदस्यांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. दोन्ही राज्यांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही सरपंच बाई घरी आणि बैठकीच्या खुर्चीवर त्यांचे यजमान, हा प्रकार सर्वत्र पाहावयास मिळतो. त्याविरुद्ध परिपत्रके निघाली आहेत. परिपत्रकापेक्षा इतिवृत्तातील उपस्थितीचे पान अधिक उपयोगी पडते. सभेच्या आरंभीच, सर्वांसमक्ष, प्रत्येक सदस्याने सही किंवा अंगठा करावा आणि सदस्य नसलेल्या व्यक्तीचे नाव ‘निमंत्रित’ या स्वतंत्र सदराखाली लिहावे. यजमानांचे नाव त्या सदरात दर महिन्याला दिसू लागले की प्रश्न आपोआप चव्हाट्यावर येतो. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद आहे. तिचेही इतिवृत्त स्वतंत्र ठेवावे आणि तिच्यातील ठराव ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

शाळांतून नागरिकशास्त्र शिकविताना सदस्यसंख्या, वयाची अट व आरक्षण एवढ्यावर पाठ संपतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकदा पंचायत कार्यालयात नेऊन नमुना ८ मध्ये स्वतःचे घर शोधावयास सांगावे. घराचा अनुक्रमांक, मालकाचे नाव, बांधकामाचा प्रकार, आकारलेला कर. ज्या घरात आजोबा निवर्तल्यानंतर नाव बदललेलेच नाही, अशी घरे त्या तासाभरात हमखास सापडतात. २० एप्रिल २०२० नंतर चारच दिवसांनी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जाऊ लागली. या कामाला प्रथम हात घालणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश ही दोन्ही होती. त्या पत्रकावरील नाव आणि पंचायतीच्या नोंदवहीतील नाव जुळते काय, हे घरोघरी ताडून पाहणे हा वर्गासाठी चांगला स्वाध्याय आहे. न जुळल्यास वारस नोंदीचा अर्ज पंचायतीकडे करावा, अर्जाची पोच घ्यावी आणि पुढील मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत तो आला की नाही हे पाहावे. नमुना ८ चा उतारा महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ठरावीक मुदतीत मिळावयास हवा. मध्यप्रदेशाने अशा प्रकारचा कायदा २०१० मध्येच, देशात सर्वांच्या आधी केला होता. इतिवृत्ताची प्रत हवी असल्यास २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली साधा अर्ज पुरतो. अर्जात सभेची तारीख व विषयक्रमांक नमूद केला, तर ‘माहिती संदिग्ध आहे’ असे उत्तर येण्यास जागा राहत नाही.